स्वर्गाच्या अर्जातील रिकामा रकाना

माझी भाची मॉर्मन झाल्याची बातमी आमच्या घरात चहामुळे फुटली.

पारगावला साखर कारखाना सुरू झाला की हवेला मळीचा आंबूस-गोड वास चढतो; धुतलेल्या कपड्यांना, पिण्याच्या पाण्याला, उशीच्या अभ्र्यालाही तो सोडत नाही. अशा एका सकाळी बंगळुरूहून सुटीवर आलेल्या भाचीपुढे वाफाळता कप ठेवला गेला आणि तिने तो दोन बोटांनी हळूच मागे सारला.

"मी चहा सोडलाय."

"पित्त झालंय का?" दादाने विचारले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा बाप.

"नाही. आमच्यात चालत नाही."

त्या 'आमच्यात'नंतर पसरलेली शांतता चहावर साय धरेपर्यंत टिकली. मुलीने धर्म बदलला, हे दादाच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. चहा नाकारला, हे मात्र लगेच शिरले. त्याचा स्वतःचा धर्म म्हणजे श्रावणात मटण बंद आणि श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी त्याची आगाऊ भरपाई. त्यापलीकडचे तत्त्वज्ञान त्याने वहिनीच्या उपासांवर सोपवले होते आणि वहिनी गेल्यापासून ते पद रिक्तच होते.

दुपारी पडवीत मटार सोलता सोलता भाचीने आम्हा नवख्यांना तिचा अमेरिकेतून आलेला ख्रिस्ती पंथ समजावून सांगितला. तिला शिकवणारी माणसे चांगली असावीत, कारण तिने आवाज एकदाही चढवला नाही. देव हा आपला पिता आहे, ती म्हणाली, आणि उपमा म्हणून नव्हे; त्याला आपल्यासारखेच हाडामांसाचे शरीर आहे.

"दोनच हात?" दादाने खात्री करून घेतली.

"दोनच."

"मग आपल्या देवांपुढं जरा कमीच पडला."

जन्मापूर्वी आपण सारे त्या पित्यापाशी आत्मरूपाने होतो. त्याने आपल्याला पृथ्वीवर पाठवले ते देह मिळावा आणि परीक्षा व्हावी म्हणून; येताना तिथली आठवण मात्र पुसली.

"कॉपी करू नये म्हणून," दादाने मान डोलावली. हा मुद्दा त्याला मनापासून पटला.

मग तिने दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली गोष्ट सांगितली. कोणता पंथ खरा, या प्रश्नाने बेजार झालेला एक कोवळा मुलगा रानात प्रार्थना करायला गेला आणि त्याला पिता व येशू असे दोघे दिसले. पुढे एका देवदूताने त्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यांवरच्या मजकुरातून बायबलच्या जोडीला एक ग्रंथ उभा राहिला, आणि येशूने स्थापलेला, मधल्या काळात हरवलेला धर्म पुन्हा जागेवर आला. तेव्हापासून त्यांच्यात प्रेषितांची गादी चालू आहे; आजही एक हयात आहे.

"पत्रे कुठायत आता?"

"देवदूत परत घेऊन गेला."

"शहाणा. हिथं शेतात मोटारीची केबल राहत न्हाई, सोनं कुठलं राहतंय!"

तीन स्वर्गांचे वर्णन मात्र मला आवडले. एकाचे तेज सूर्यासारखे, दुसऱ्याचे चंद्रासारखे, तिसऱ्याचे ताऱ्यांसारखे; आणि कायमच्या अंधारात जवळजवळ कुणीच जात नाही. नरकाच्या बाबतीत इतका कंजूष धर्म मी पाहिला नव्हता. माझ्यासारख्या कवितेत मुरलेल्या माणसाला एवढा उजेड मिळाला की तो पुढचे प्रश्न विसरतो. मी विसरले नाही, याचे श्रेय मटारच्या अळीला. ती बोटावर चढली आणि मी भानावर आले.

"पिता आहे म्हणतेस," मी विचारले, "मग आई?"

"आहे ना, आत्या. स्वर्गात आईपण आहे. फक्त तिची प्रार्थना करत नाहीत. तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत."

"म्हणजे स्वर्ग पारगावातच कुठेतरी आहे," मी म्हणाले. भाची हसली नाही. हातातली शेंग तिने जरा जोरात फोडली.

त्यानंतर ती जे बोलली, त्यासाठीच ती सुटी काढून आली होती. तिच्या धर्मात मृतांचाही बाप्तिस्मा होतो. मंदिरात एक जिवंत माणूस मेलेल्याच्या वतीने, त्याचे नाव घेऊन, पाण्यात बुडी मारतो. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. तिला तिच्या आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, बुडी मारायची होती. पुढच्या महिन्यात ती परदेशातल्या मंदिरात जाणार होती. आजीचा जन्म गेल्या एकशे दहा वर्षांतला असल्याने जवळच्या नातलगाची परवानगी लागत होती. शिवाय फोनमधल्या अर्जात आजीचे जन्माच्या वेळचे नाव.

"आजी मला पुन्हा भेटायला हवी," ती म्हणाली, आणि एवढा वेळ समजावणारा तिचा आवाज पहिल्यांदा थरथरला. आईविना वाढलेल्या या मुलीला माझ्या आईनेच मोठे केले होते. ताकातल्या भाकरीचा वास असलेल्या त्या मांडीवर ती दहा वर्षांची होईपर्यंत झोपली होती. तिच्या साऱ्या ईश्वरशास्त्राच्या तळाशी ती मांडी होती.

"मेलेल्यांना बाटवायचं?" दादा उसळला. "आईला इचारलं का कुणी?"

"तिलाच विचारतात, बाबा. आपण इथं नुसती सोय करायची. स्वीकारायचं की नाकारायचं, ते तिथं तिच्या हातात."

मी मटारची परात बाजूला ठेवली. माझ्या आईचे लग्न ठरवताना तिला कुणी विचारले नव्हते. नाव बदलताना, मुले किती हवीत हे ठरताना, तिच्या पाटल्या मोडून बोअर घेताना विचारले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर नकाराचा पर्याय ठेवत होते, आणि तोही मेल्यानंतर.

परवानगी देणार नाही असे बजावत दादाने अर्ज मात्र उत्सुकतेने पाहिला. वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे, खापरपणजोबांचे. जमिनीच्या कागदांनी पाठ करून घेतलेली पुरुषांची ओळ त्याने एका दमात म्हणून दाखवली. आईच्या रकान्यापाशी तो थांबला. सासरचे नाव होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले, मृत्यूच्या दाखल्यावर छापलेले. त्याआधीचे?

"आक्का," तो म्हणाला. आईच्या माहेरी तिला सगळे आक्काच म्हणत.

"ते नाव नाही, बाबा."

दादाने माझ्याकडे पाहिले. आईवर मी अकरा कविता लिहिल्या आहेत. त्यांतल्या तीन वाचताना सभागृहात बायका पदर डोळ्यांना लावतात. मी पडवीच्या पत्र्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आण्याला निघालो, आईच्या माहेरी. तिथे तिची धाकटी बहीण, आमची मावशी, एकटीच राहते. 'परवानगी न देण्यासाठी' दादाही गाडीत बसला.

आळेफाट्यावर दादाच्या शाळासोबत्याचे गॅरेज आहे. आम्हाला पाहताच तो हात पुसत समोरच्या हॉटेलात आला. चार चहा सांगितले गेले, एक परत गेला, आणि कारणही सांगावे लागले. ग्रीस आणि उकळत्या आल्याच्या वासात दादाने सगळी तक्रार ओतली. सोबत्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याचे घर छप्पन सालापासून बौद्ध.

"आमचा आजा जित्तेपणी गेला, स्वतःच्या पायानं," तो म्हणाला. "तुमच्यात मेल्यावर नेतात व्हय? मोठ्या लोकांची गोष्टच न्यारी, राव."

"चेष्टा करू नको. घरात चहा बंद झालाय माझ्या."

"चहाच ना? आमचा आजा बाटला तवा तुझ्या आज्यानं विहीर बंद केली व्हती."

हे त्याने हसत हसत, बशीत फुंकर घालता घालता म्हटले. दादाला ठसका लागला. भाचीने मान वर करून त्या माणसाकडे पाहिले, मग बापाकडे. पूर्वजांची ती यादी तिने फोनमध्ये मोठ्या भक्तीने भरली होती. तिच्यातला एकजण आत्ता पहिल्यांदाच माणसासारखा दिसू लागला होता.

घाट चढून वर गेलो की हवा कोरडी होते. आण्याच्या पठारावर हिवाळ्यातला वारा गवताला कंगव्यासारखा विंचरतो आणि ओठांवर मातीची चव ठेवून जातो. मावशी अंगणात हुलगे पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. आमचे बोलणे तिने त्या लयीतच ऐकले. भाचीने सगळे नीट सांगितले: पाणी, बुडी, परवानगी, नाव. मावशीला त्यात काही वावगे वाटले नाही.

"आपण घास ठेवतो, कावळ्याची वाट बघतो," ती दादाला म्हणाली. "ही पाण्यात जाती. तुला काय जड व्हतंय?"

भाचीचा चेहरा उजळला. त्या उजेडातच तिने शेवटची, तिच्या मते सगळ्यांत सुंदर गोष्ट सांगितली. बुडीनंतर आणखी एक विधी असतो. नवरा-बायकोला एकत्र बांधतात. मरेपर्यंत नव्हे, अनंतकाळासाठी. आजी आणि आजोबा, कायमचे.

सूप थांबले.

"कायमचे म्हंजी?"

"म्हणजे कधीच न संपणारं, मावशीआजी."

"त्याच घरात?"

भाचीने माझ्याकडे पाहिले.

"आक्का वडाला सात फेऱ्या घालायची," मावशी म्हणाली. "मी इचारलं, खरंच मागतीस का गं हा नवरा? म्हणली, हा सातवा जन्म असंल अशी आशा धरून घालते. आन् तू तिला आता कायमची घालती तिथं?"

"आमच्या तात्यांना काय झालं व्हतं?" दादा तटकन म्हणाला. "कधी हात उगारला का त्यांनी?"

"न्हाई उगारला. आणं ते पारगाव काय चंद्रावर हाय का रं? वर्सातनं एकदा यायची. दुसऱ्या दिवशी त्यानं धाडलेला गडी हजर, चला, भाकरी करायला कुणी न्हाई. तिच्या पायाची धूळ बी खाली बसायची न्हाई हिथं. पंचेचाळीस वर्सं 'अगं ए' म्हणून हाक मारली तिला. तुला नाव ठावं न्हाई, त्याला तरी कुठं ठावं व्हतं?"

तेव्हा माझ्या भावाने जे केले, ते कुठल्याही धर्मप्रचारकाला साधले नसते. "मी देतो परवानगी," तो ताठ होऊन म्हणाला. "आईवडील एकत्र ऱ्हायले तर बिघडलं काय? चांगलं सांगतोय की त्यांचा धर्म." बापाची इभ्रत राखण्यासाठी तो तासाभरात अर्धा मॉर्मन झाला होता.

"दे की परवानगी," मावशी म्हणाली. "नाव कुठनं आणशील?"

वाऱ्याने हुलग्याचा भुसा आमच्या अंगावर आणून टाकला. भाची मावशीजवळ उकिडवी बसली. "आजी तिथं नाही म्हणू शकते, मावशीआजी. तिच्यावर सक्ती नाही."

"आक्का न्हाई म्हणंल? कुणी ताट पुढं केलं तर भूक नसताना जेवणारी बाई ती. तिला जमायचं न्हाई. तिच्या वाटचं 'न्हाई' मी म्हणते."

"मग फक्त बुडी मारते. बांधायचं नाही."

"बांधणार न्हाईस?"

खोटे बोलणे तिला सोपे होते. परदेशातल्या त्या मंदिरात कोण पाहायला जाणार होते? "मी नाही बांधणार," ती म्हणाली. "पण नाव एकदा तिथं गेलं की पुढे दुसरं कुणी बांधू शकेल. ते माझ्या हातात नाही."

तिच्या धर्माविषयी माझ्या मनात जो काही आदर आहे, तो या वाक्यापुरता आहे. आणि तो पुरेसा आहे.

मावशीने तिच्याकडे निरखून पाहिले. "तो फोन गाडीत ठेवून ये," ती म्हणाली. "कुठं लिहायचं न्हाई, कुठं धाडायचं न्हाई. मग सांगते. तुला. ह्यांना न्हाई."

अंगणाच्या कडेला गाडी उभी होती, वीस पावलांवर. भाची फोन हातात धरून उभी राहिली. त्या फोनमध्ये तिची आजी पुन्हा भेटण्याची सोय होती, सूर्यासारख्या तेजाच्या जागी. इथे नुसते एक नाव होते, आणि हुलगे. ती रडत होती. वारा ते पाणी ओठांपर्यंत पोचू देत नव्हता. मग ती गेली, गाडीचे दार उघडून बंद केल्याचा आवाज आला, आणि रिकाम्या हातांनी परत येऊन तिने मावशीच्या तोंडाशी कान नेला.

मावशी एक शब्द बोलली. भाचीने तो ओठ न हलवता मनात म्हटला असावा, कारण तिचा चेहरा अनोळखी झाला आणि मग पुन्हा तिचा झाला.

घाट उतरताना दादाने तीनदा विचारले. "मी लेक हाय तिचा," असेही म्हणून पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. फाटा जवळ आला तेव्हा मी अगदी हळू, बाईने बाईला विचारावे तसे विचारले.

"नाही, आत्या," ती म्हणाली. "तू लिहून टाकशील."