आमच्या आयरिश साहेबाचं थडगं

सध्या आमच्या जालना जिल्ह्यात ज्याला बघावं तो आपला पणजोबा शोधतोय. तहसीलच्या दारात, झेरॉक्सच्या दुकानात, चहाच्या टपरीवर कुणबी नोंदी असलेल्या निजामाच्या काळातल्या कागदांशिवाय दुसरा विषय नाही. अशा दिवसांत माझ्या आत्याला वाटलं, आपणच का मागे राहावं? लोकांचे पणजोबा मंठ्याच्या नाहीतर शहागडच्या शिवारात सापडतात. आमचा आयर्लंडचा. तेव्हा तोराही तिकडचाच.

गोष्ट अशी सांगितली जायची, की जालन्यात इंग्रजांची छावणी होती तेव्हा एक आयरिश साहेब पलटणीबरोबर आला, त्याने इथल्या एका बाईशी संसार थाटला आणि त्यातून आमचं ख्रिस्ती घराणं सुरू झालं. साहेब नेमका काय करत होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला बढती मिळत गेली. माझ्या लहानपणी तो कॅप्टन होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागेपर्यंत कर्नल झाला होता. आडनाव, माझ्या वडिलांचे घारे डोळे आणि जुन्या कबरस्तानातलं एक भलंमोठं थडगं, एवढीच त्याची इस्टेट.

दरवर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही त्या थडग्याला चुना द्यायचो. त्याचीही रीत होती. कुंचा धरायचा मान घरच्या लेकींचा, कारण त्यांच्या अंगात साहेबाचं रक्त. सुनेनं फक्त चुना कालवायचा. घरात सून एकच, माझी आई. कुंभार पिंपळगावची, शेतकऱ्याची लेक. लग्न झाल्यापासून ती बादलीपाशी उकिडवी बसून चुना कालवायची, त्यात डिंक आणि नीळ घालायची, आणि आत्या ताठ मानेने साहेबाला रंगवायची. चुन्याने आईची बोटं फुटायची. आत्या म्हणायची, "खोबरेल लावा, वहिनी."

वडील गेले त्या वर्षी आईने एकदाच विचारलं. वडिलांना साहेबाच्या शेजारीच पुरलं होतं. ती म्हणाली, "वन्सं, औंदा मी लावू का?"

"रीत हाय, वहिनी," आत्या म्हणाली. "तुमी कालवा."

आई पुन्हा खाली बसली. नंतर तिने कधी विचारलं नाही. माझ्या मात्र ते डोक्यात राहिलं. एकदा तरी तो कुंचा आईच्या हातात बघायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

म्हणून आत्याने साहेबासाठी संगमरवरी पाटी करायची टूम काढली आणि नाव, हुद्दा, जन्मगाव शोधायचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. साहेबाबद्दल मला काडीचंही प्रेम नव्हतं. साहेब जरा खाली उतरला तर आई जरा वर येईल, एवढाच माझा हिशोब होता.

सुरुवात थडग्यापासूनच केली. त्यावरचं इंग्रजी आमच्यापैकी कुणी कधी वाचलेलं नव्हतं. आधीच्यांना वाचता येत नव्हतं, आणि आम्हाला वाचता यायला लागेपर्यंत अक्षरं चुन्याने बुजली होती. ओलं फडकं आणि लाकडी चमचा घेऊन मी पापुद्रे काढत बसले. अक्षरं उघडी पडली. खाली कुणा अधिकाऱ्याची तरुण बायको होती, तापाने गेलेली. चार पिढ्या आम्ही एका परक्या मडमेपुढे हात जोडून "साहेब, लेकरांवर लक्ष असू द्या" म्हणत होतो. बिचारीने सगळं ऐकून घेतलं. आमच्या पूर्वजांनी बहुधा कबरस्तानातलं सगळ्यात मोठं थडगं पाहून ते आपलं म्हटलं असणार. आपला साहेब लहान थडग्यात मावेल कसा?

आत्या डगमगली नाही. "त्याचीच बायको असंल," म्हणाली. आडनाव वेगळं आहे म्हटल्यावर, "मंग त्याची खरी कबर शोध. कर्नलची कबर अशी कशी हरवंल?"

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत साहेब सापडला. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, आमचंच आडनाव, आणि धंदा नालबंद. म्हणजे आमचे कर्नल घोड्यांना नाल ठोकत होते. त्यात कमीपणा काही नाही, घोड्यांचं तरी त्यांनी भलं केलं. त्या मुलाच्या आईच्या रकान्यात लिहिलं होतं, इथली एक स्त्री. नाव नाही.

त्याच्या गावाचं नावही तिथेच मिळालं. त्या गावाचा इतिहास जमवणाऱ्या एका आयरिश बाईंना मी ईमेल केला. त्यांनी आनंदाने उत्तर पाठवलं, सोबत फोटो. साहेब पलटणीबरोबर मायदेशी परतला होता. तिथे त्याने लग्न केलं, दुकान टाकलं, घरभर पोरं झाली, म्हातारा होऊन तो अंथरुणात मेला. त्याची कबर तिकडेच आहे, हिरव्यागार गवतात. इकडे त्याचं एक घराणं आहे हे तिकडे कुणाला माहीतच नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. जी बाई लेकराला घेऊन इथेच राहिली तिचं नाव कुणी लिहिलं नाही, आणि पळून गेलेल्याच्या जोरावर माझ्या आईला जन्मभर बादलीपाशी बसवलं.

मी दोघींना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. आत्या भिंतीकडे बघत राहिली. आई तांदूळ निवडत होती.

"मंग पोरगं कुनी वाढिवलं?" तिने विचारलं.

"तिनंच."

"नाव काय तिचं?"

"लिहिलेलं नाही."

"न्हाईच लिहिनार," आई म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

पाटीचा विषय तिथेच संपला. पण नोव्हेंबर आला तशा आम्ही तिघी सवयीने कबरस्तानात गेलो. त्या मडमेला तरी असं खरवडून कसं सोडायचं? आत्या थकलेली दिसत होती. आईने चुना, डिंक, निळीची पुडी, पाण्याची घागर असं सगळं मांडून ठेवलं. खाली बसणार, इतक्यात आत्याने कुंचा तिच्यापुढे धरला.

"वहिनी, औंदा तुमी लावा. आता काय, कबर कुनाची बी हाय."

आईने पदराला हात पुसले. कुंचा घेतला नाही.

"साहेबाची व्हती तवा मागितला व्हता, वन्सं. तवा देयचा व्हता."

एवढं बोलून ती माझ्या वडिलांच्या कबरीपाशी जाऊन बसली. इतकी वर्षं मला तो कुंचा तिच्या हातात बघायचा होता, आणि तिने तो घेतला नाही याचाच मला जास्त आनंद झाला. आत्याची कीवही आली, हे नाकारत नाही.

आत्या गुडघ्यांवर हात टेकत बादलीपाशी बसली. चुन्याची ढेकळं आत टाकली, घागर उचलली आणि तशीच धरून राहिली.

"वहिनी, पानी किती टाकू?"

आईने मागे वळून पाहिलं नाही.

"इतकी वर्सं तुमच्या म्होरंच कालवत व्हते की."