हिअर, लिसन आणि पेडणेकर काका

किस्से काही कोणी मुद्दाम जमवायला जात नाही हो. चिंचपोकळीला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्लिशचा क्लास भरतो, तिथे ते आपोआप साठतात! कांबळे मॅडमचा एकच नियम. "वाक्य पुस्तकातलं नको. घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे."

त्यात एकदा शब्द आले हिअर आणि लिसन. मॅडम म्हणाल्या, "नुसतं कानावर पडतं ते हिअर. मन लावून ऐकतो ते लिसन." झालं! एकेकाच्या घरातलं बाहेर पडायला लागलं.

*

पहिली उठली पार्लरवाली शालन. "माय मदर-इन-लॉ कॅनॉट हिअर. बट शी लिसन्स एव्हरीथिंग!"

हे चूक म्हणावं की बरोबर, मॅडमना कळेना. शेवटी म्हणाल्या, "माझ्याही अशाच होत्या. बस खाली."

*

मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला. मी म्हटलं, "पेशंट हिअर्स द ड्रिल. देन ही डझन्ट लिसन टु डॉक्टर."

शाबासकी मिळाली. मिळणारच, हुशार आहे मी!

*

पेडणेकर काका क्लासला का आले, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मनालीला बेंगळुरूला नोकरी लागली होती आणि काका काही केल्या तिला सोडायला तयार नव्हते. पोरगी आतल्या खोलीत कंपनीशी इंग्लिशमध्ये काय बोलते ते कळायला पाहिजे, म्हणून साहेबांनी क्लासला नाव घातलं!

त्यांचं वाक्य, "आय हिअर माय वाइफ. आय डोन्ट लिसन." आणि वर हसले.

दुसऱ्या दिवशी काकी हजर! त्यांच्याच शेजारी येऊन बसल्या. "मॅडम, माझं पण नाव घाला." त्यानंतर काका वाक्य सांगायला काही उठेनात.

*

परवा मात्र काका स्वतःहून उठले.

"आय हिअर माय डॉटर ऑन फोन. शी से, सॉरी सर, आय कॅनॉट जॉइन. माय फादर इज नॉट रेडी." मग काकींकडे बघून म्हणाले, "शी वॉज क्राइंग. सो आय लिसन."

"मग?" आम्ही सगळे एकदम.

"मग काय! फोन घेतला तिच्या हातातून. म्हटलं, हॅलो, फादर स्पीकिंग. फादर इज रेडी!"

टाळ्याच टाळ्या! मॅडम चष्मा पुसायला लागल्या. मला तर रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

काकी तेवढ्या हलल्या नाहीत.

"इतके दिवस," त्या म्हणाल्या, "हेच मी मराठीत सांगत होते!"