बसमधले ते दहा जण

नात इंग्रजी शाळेत बॉडमास शिकतेय. काल तिनं २० – ८ + ५ चं उत्तर सात काढलं आणि मला हसू फुटलं. हीच चूक मी पगार घेऊन केली होती.

चिक्कडपल्लीच्या मराठी शाळेत मी नव्यानं गणित शिकवायला लागले, तेव्हा मला सगळंच येत होतं. कडक इस्त्रीची साडी, हातात पट्टी. सहावीच्या वर्गाकडून रोज घोकून घ्यायचे: कंचेभागुबेव. कंस, मग ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, शेवटी वजाबाकी. चाचणीत हेच गणित घातलं. आठ नि पाच तेरा, विसातून तेरा गेले, सात. एका मुलीनं सतरा लिहिले. मी ऐटीत फुली मारली. पंचवीसपैकी चोवीस.

तिचे वडील बस कंडक्टर. पैकीच्या पैकी मिळाले, तर रविवारी ते तिला पुढच्या सीटवर बसवून सिकंदराबादपर्यंत नेणार होते. पेपर घेऊन ती टेबलापाशी आली.

“बाई, बसमध्ये वीस जण. आठ उतरले, पाच चढले. सतराच ना?”

“आधी बेरीज. कंचेभागुबेव म्हण.”

तिनं म्हटलं. मग विचारलं, “मग बाई, सातच उरले, तर ते दहा जण कुठे गेले?”

“जागेवर बस,” मी म्हणाले. एवढ्या हुशार बाईकडे दुसरं काय उत्तर असणार?

संध्याकाळी बसमध्ये मी उतरणारे-चढणारे मोजत बसले. त्या नादात माझा स्टॉप गेला आणि मी आबिड्सला उतरले. परत चालत येताना डोक्यात उजेड पडला. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच. डावीकडून जी आधी येईल, ती आधी. आठ नि पाच एकत्र करायला कंस हवा, म्हणजे मग तेराही जण उतरले. तो कंस फळ्यावर नव्हताच. तो माझ्या डोक्यात होता.

सकाळी वर्गासमोर चोवीसचे पंचवीस केले. कान तापले होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, आम्ही सात लिहिले. आमचा मार्क कापणार?”

“नाही रे. ती चूक माझी, तुम्ही नुसती उतरवून घेतलीत.”

सोमवारी ती मुलगी शाळेत आली, ती थेट माझ्याकडेच.

“पुढची सीट मिळाली?”

“हौ बाई. सिकंदराबादपर्यंत सगळे मोजले. एकही हरवला नाही.”