टिलसनचं स्टेशन पाडलं तेव्हा

आमच्या टिलसन गावाला आजवर तीन स्टेशनं झाली. पहिलं म्हणजे मालगाडीचा जुना डबा, चाकं काढून रुळाशेजारी ठेवलेला. तो पुरात गेला. मग रेल्वे कंपनीने पिवळ्या रंगाचं लाकडी स्टेशन बांधलं, वरच्या मजल्यावर स्टेशनमास्तरचं बिऱ्हाड. ऑर्फा लिंडक्विस्ट त्याच बिऱ्हाडात जन्मली. बाप गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसली. तिकिटं, तारा, पार्सलं सगळं एकटी बघायची. लग्न केलं नाही. "गाडी वेळेवर येत नाही, नवरा कसला येतोय!" असं म्हणून स्वतःच हसायची.

माझं बियाण्याचं दुकान स्टेशनच्या समोरच. म्हणून त्रेपन्न सालच्या वसंतातली ती सकाळ मी या डोळ्यांनी पाहिली.

कंपनीची टोळी आली. त्यांनी आधी स्टेशनच्या तारयंत्राच्या तारा तोडल्या. ऑर्फा कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यावर चिठ्ठी डकवत होती.

"बाई, बाहेर या. स्टेशन पाडायचंय," मुकादम हॅस्केल म्हणाला.

"कुठलं?"

"हेच."

तिला थट्टा वाटली. तेवढ्यात डोक्यावर कडाडकन आवाज झाला.

"अहो, वर माझं घर आहे!"

"मग हवं ते पटकन काढून घ्या."

ती तारयंत्राकडे धावली. यंत्र मुकं. मी दुकानातून कंपनीच्या कचेरीला फोन लावला, तर पलीकडचा म्हणाला, चौकशी करून कळवतो. बाहेर आलो तोवर छप्पर उघडं पडलं होतं आणि तिच्या स्वयंपाकघराचे फुलाफुलांचे पडदे उन्हात हलत होते. अख्खं गाव गोळा झालं. पण इमारत कंपनीची, माणसंही कंपनीची. कोणी पुढे होईना. ऑर्फा बाहेर आली ती पिल्लांचं खोकं छातीशी धरून. स्वतःचं काहीच आणलं नव्हतं.

तेवढ्यात एक मजूर नावाची पाटी खांद्यावर घेऊन आला. "मुकादम, यात 'ईस्ट' कुठंय?"

हॅस्केलने पाटी वाचली. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "हे... ईस्ट टिलसन ना?"

"ईस्ट टिलसन पुढचं स्टेशन," ऑर्फा म्हणाली. "ते कधीचं बंद आहे. तिथं कबुतरं राहतात. इथं मी राहते."

"बाई, मला वाटलं..."

"काय वाटलं? बंद स्टेशनात बाई तिकिटं विकत बसलीय?"

"साहेबांनी सांगितलं होतं, कोणी अडून बसलं तर ऐकू नका," तो पुटपुटला आणि टोपी काढून रुळावरच बसला. गर्दीतलं कोणी हसलं नाही. पाद्रीबाबांनी तर तोंडावर हात धरला होता.

दुपारची गाडी आली. ड्रायव्हर खिडकीतून बघतच राहिला. ऑर्फाने पिल्लं चढवली, हिरवा झेंडा दाखवला, आणि गाडी गेल्यावर मी आणि पाद्रीबाबांनी तिला दोन्हीकडून धरून माझ्या दुकानात आणलं.

कंपनीने माफी मागितली. पाडायचं राहिलेलं ईस्ट टिलसनचं स्टेशन त्यांनी ओंडक्यांवरून ओढत आमच्याकडे आणलं. तेच आमचं तिसरं. त्याला वरचा मजला नव्हता. ऑर्फा माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली. आढ्यातली कबुतरं मात्र स्टेशनाबरोबरच आली. तिने ती हाकलली नाहीत.

शेवटची प्रवासी गाडी जाईपर्यंत तिने तिथं काम केलं. हसायची, टोमणे मारायची, सगळं पूर्वीसारखं. मला तरी तसं वाटत होतं.

एकदा मी दुकानाचे पत्रे बदलायला माणूस लावला. पहिला हातोडा पडला आणि ऑर्फा अनवाणी, पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावत आली. तोंड पांढरंफटक.

"अगं, काही नाही! छप्पर गळतंय, एवढंच."

"मला आधी सांगायचं ना रे," ती म्हणाली, आणि दारातल्या बियाण्याच्या पोत्यावर बसून राहिली. पत्रेवाला काम आटोपून गेला, तरी ती उठली नव्हती.