कंपनीला दिलेली अक्षरं

लातूरच्या कंपनीनं ठळक अक्षरांसाठी शब्दांची यादी पाठवली, तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते. हद्द, ताबा, कुंपण, मनाई. हे शब्द आधी नीट बसवा, असं खाली लिहिलं होतं.

जमिनी घेऊन गोदामं बांधणारी कंपनी ती. तिला पत्रांपासून पाट्यांपर्यंत चालणारा स्वतःचा फॉन्ट हवा होता. बारीक, मध्यम, ठळक, सगळी एकाच घरातली वाटावीत अशी अक्षरं. "खेड्यातल्या माणसाला आपल्याच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं पाहिजे," कंपनीचे साहेब म्हणाले. नांदेडच्या माझ्या खोलीत मी बाबांच्या अक्षरांचे फोटो समोर घेऊन त्यावरून फॉन्ट काढायला बसले. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

बाबा पेंटर. नायगावकडच्या कितीतरी दुकानांवर, शाळांच्या भिंतींवर आणि आमच्या विहाराच्या कमानीवर त्यांचाच हात. त्यांचा 'म' पोटाला गोल, 'र' चा पाय लांब. लोक लांबूनच ओळखायचे. फक्त कुणाला अडवणारी पाटी त्यांनी जन्मात लिहिली नाही. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर कसलीच पाटी नव्हती, तरी आमच्या माणसांना तिथं जाता येत नसे. कुणी 'आत येऊ नये' लिहायला बोलावलं, की बाबा म्हणायचे, "ब्रश वाळलाय माझा." गाव हसायचं, पण त्या ब्रशाला मान होता.

यादीचं मी त्यांना सांगितलंच नाही. 'मनाई' तीन दिवस बसत नव्हतं, 'ना' नंतरची जागा मोकळी मोकळी दिसायची. चौथ्या दिवशी बसलं आणि मी खुशीत चहा केला. आता तो चहा आठवला तरी स्वतःचा राग येतो.

अक्षरांचे सगळे हक्क कंपनीला दिल्याच्या कागदावर मी सही केली, तेव्हा बाबा शेजारी होते.

"माय, आपली अक्षरं घेऊन काय करून राहिले ते लोकं?"

"पाट्या, बाबा."

"कसल्या?"

"कंपनीच्या," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

हिवाळ्यात पहिली पाटी उमरीच्या रस्त्याला दिसली. पुढच्या आठवड्यात तिच्याअलीकडे दोन. दर खेपेला मी गावी जाताना एखादी घराच्या जवळ आलेली असायची. मी मोजायचं सोडून दिलं, भीती वाटायला लागली होती.

मग एका सकाळी चुलतीचा फोन आला. "कंपनीनं विहाराची वाट बंद केली, पाटी लावली. तुझ्या बापानंच लिवलं न्हवं का? अक्षरच सांगून राहिलंय की. आता कोणी बोलंना त्याच्याशी."

मी पोचले तेव्हा बाबा वाटेवर एकटेच उभे होते. समोर तारेचं कुंपण, त्यावर पाटी: आत येण्यास सक्त मनाई. कुंपणापलीकडे कमान, तिच्यावर त्याच अक्षरांत 'नमो बुद्धाय'.

"बाबा, चुकलं माझं."

"मी न्हाई लिवलं म्हणून कुणाला सांगू? अक्षर तर माझंच हाय." त्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, शब्दावरून बोट फिरवलं.

"मनाई लई चांगलं बसवलंस, माय," ते म्हणाले. "मला न्हाई जमलं असतं."