मावशीचा पाय

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी मुंबईला हलती चित्रं काढायचो. खालून दिवा लावलेली काच, तिच्यावर पातळ कागद, आणि सेकंदभराच्या हालचालीला सोळा चित्रं! तेव्हा नारूवरची फिल्म चालू होती. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. एक बाई बारवेच्या पायऱ्या उतरते आणि जखमेचा पाय पाण्यात बुडवते, एवढंच मला काढायचं होतं. पण तो पाय मेला जिवंतच होईना. शेवटी कोल्हारजवळच्या माझ्या मावशीची चाल आठवली. नारू झाला होता तेव्हा ती डाव्या टाचेवर भार न देता, घागर उजव्या कमरेवर घेऊन उतरायची. तीच कागदावर उतरवली, घागरीच्या पोच्यासकट. साहेब खूश, आणि मी तर काय, हवेतच!

पुढं ती फिल्म दाखवायला मला नेमकं मावशीच्याच गावी धाडलं. फिल्म मुकी, त्यामुळं चित्रं चालू असताना सांगायचं काम माझ्याकडं.

भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडद्यावरची बाई चार पायऱ्या उतरली न उतरली तोच मागून कुणी ओरडलं, "आरं, ही तर आपल्या गावची!" पुढचं मला पाठ होतं. जखम पाण्यात बुडणार, नारूची पिल्लं सुटणार आणि तेच पाणी सगळ्यांच्या घागरींत जाणार.

"हिनंच बारव नासवली!"

"उद्यापासनं पायरीवर पाय ठिवू देऊ नका हिला!"

मावशी एकटी राहायची, आणि नदी तिथून दीड कोस. फिल्म थांबवावी तर दिव्याच्या तापानं जळून जायची.

"तो पाय माझा आहे! आरशात बघून काढलाय!" मी ओरडलो. धादांत खोटं. कुणी ऐकेना.

तेवढ्यात बायकांत बसलेली मावशी उठली आणि लंगडत पडद्यापुढं उभी राहिली. तिच्या लुगड्यावर चित्रातली माणसं घटाघटा पाणी पीत होती.

"माझाच पाय हाय," ती म्हणाली. "पर डोळं उघडून बघा की! नारू पान्यातनं पोटात जातो. मंग माझ्या पोटात कुनाच्या पायाचा आला? माझ्या आदी कोन कोन लंगडत हुतं, सांगू का नावानिशी?"

पुढं बसलेल्या पाटलानं धोतर हळूच घोट्याखाली ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बारवेवर मावशीच्या घागरीच्या तोंडाला गाळायचं फडकं होतं, आणि तिच्यामागच्या पाच-सहा जणींच्याही. जीव भांड्यात पडला माझा. मी जाऊन तिचे पाय धरले.

"मावशी, चुकलो गं."

"पाय झ्याक काढलायस," ती घागर उचलत म्हणाली. "पर येकदा मला इचारलं तरी असतंस, मेल्या."