साडूंचा सीझन

टेक्सास राज्यात दर वर्षी जेवढी काळजी केली जाते, तिच्यातला निम्मा वाटा एकटे माझे थोरले साडू उचलतात आणि उरलेल्या निम्म्यात बाकीची जनता, गुरंढोरं आणि हवामान खातं भागवून घेतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. विमान संध्याकाळचं असलं तर हे सकाळीच बूट घालून सोफ्यावर बसतात. गाडीतल्या पेट्रोलचा काटा निम्म्यावर आला की यांचा आवाज बारीक होतो. एकदा ऑफिसातून बढतीची ईमेल आली, तर ‘यात काहीतरी आहे’ म्हणून त्यांनी ती आधी वकिलाला दाखवली आणि मग बायकोला. व्हिसाच्या दिवसांत लागलेली ही सवय. पुढे ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं, प्लेनोत चार बेडरूमचं घर आलं. सवय मात्र गेली नाही.

अशा माणसानं अमेरिकन फुटबॉलच्या वाटेला जायला नको होतं. तो खेळ काळजीखोर प्रकृतीला मानवणारा नाही. घड्याळात एक मिनिट शिल्लक असतं आणि ते संपायला वीस मिनिटं लागतात. पण साडूंचा इलाज नव्हता, कारण त्यांना या खेळात ओढलं ते त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं. ती इथेच जन्मली, वाढली, आणि शाळेत असल्यापासून आमच्या भागातल्या टीमची कट्टर भक्त. हुशार मुलगी. मेडिकलला प्रवेश मिळाला, आणि वर्षभरात तो सोडून तिनं नाटकांची प्रकाशयोजना करायचं काम धरलं. आता तिकडे कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असते. मेडिकल सोडल्याचं ऐकल्यावर साडू तिला म्हणाले होते, ‘तुझ्यासाठी मी देश सोडला.’ ती म्हणाली, ‘बाबा, तू देश सोडलास तेव्हा मी जन्मले पण नव्हते.’ यातला तर्क बिनतोड होता, आणि बापलेकीचं बोलणं थांबलं ते थांबलंच. आईशी ती रोज बोलायची. पलीकडून ‘बाबा ओके आहे ना?’ आणि अलीकडून ‘बरा आहे म्हणावं’, एवढीच काय ती वाहतूक.

मग सप्टेंबरातल्या एका रविवारी ताई, म्हणजे माझी मेहुणी, अंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला आणि चुकून साडूंनी उचलला. ‘बाबा? तू काय करतोयस?’ साडू त्या क्षणी एक मराठी मालिका बघत होते; तीत सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती. पण गांगरलेला माणूस बोलतो तसं ते बोलून गेले, ‘मॅच बघतोय.’ ‘तू? आपली मॅच? मी ड्राइव्ह करतेय, काय चाललंय सांग ना.’ साडूंनी सासूकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, ‘परिस्थिती कठीण आहे.’ ‘आय न्यू इट!’ मुलगी म्हणाली. टीम खरोखरच मार खात होती.

तेव्हापासून हा क्रम पडला. मॅच सुरू झाली की तिचा फोन, मॅच संपली की ‘ओके बाबा, बाय.’ मधल्या वेळात फक्त फुटबॉल. जेवलीस का नाही, काम मिळतंय का नाही, तिकडे थंडी आहे का, तेही नाही. सप्टेंबर ते जानेवारी साडूंना मुलगी असते. फेब्रुवारी ते ऑगस्ट नसते. टीम जिंकून पुढच्या फेरीत गेली की ती आणखी एका आठवड्यापुरती मिळते, आणि हरली की त्या वर्षापुरती संपते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही बोलून दाखवत नाही.

साहजिकच साडूंनी खेळाचा अभ्यास नागरिकत्वाच्या परीक्षेच्या वरताण केला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, चहाच्या आधी, ते नियम समजावून सांगू लागले. ‘चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. म्हणजे कसं, सरकारी कचेरीत चार हेलपाट्यांत काम झालं तर पुढचं टेबल. नाही झालं, तर आपली फाइल दुसऱ्याच्या हातात.’ हा खेळ इतका स्वच्छ मला कुणी अमेरिकनानंही समजावला नव्हता. मी विचारलं, पायाचा एवढा कमी संबंध असताना याला फुटबॉल का म्हणतात? साडू म्हणाले, ‘नका विचारू. मीही तिला विचारलं नाही.’

मला स्वतःला या खेळाभोवतीचा थाट सोसत नाही. मैदानाएवढा झेंडा, डोक्यावरून घरघरत जाणारी लढाऊ विमानं, एक नाणं उडवायला जमलेले मानकरी, आणि लग्नातल्या व्याह्यांसारखे सूट घालून तासभर भविष्य सांगणारे ते पाच पंडित. मी एकदा म्हटलंही, ‘साडूभाऊ, आपल्याकडे एवढा समारंभ फक्त मंत्र्यांच्या हस्ते मुतारीचं उद्घाटन असलं तरच व्हायचा.’ साडूंनी तोंडावर बोट ठेवलं. ‘हळू. फोन स्पीकरवर आहे.’ आतून मुलगी खिदळली, ‘काका, आय हर्ड दॅट.’ साडूंचा चेहरा मात्र पडला. खेळाचा अपमान झाला म्हणून ती फोन ठेवेल, असं त्यांना वाटलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात एक रविवार टीमच्या सुट्टीचा आला. प्रत्येक टीमला सीझनमध्ये अशी एक सुट्टी असते आणि खेळाडू म्हणे तिची वाट बघतात. मी ताईचा कुकर परत करायला गेलो, तर साडू टीव्हीसमोर बसलेले. टीव्ही बंद. शेजारी फोन, चार्जिंगला लावलेला, पूर्ण भरलेला.

‘आज नाही वाजणार,’ ते म्हणाले.

‘मग तुम्ही करा ना.’

‘करतो. आणि बोलू काय?’

मी कुकर ठेवून निघून आलो.

टीम धडपडत, शेवटच्या आठवड्यात कुणी तिसरीच टीम हरल्याच्या कृपेनं, प्लेऑफमध्ये शिरली. प्लेऑफ म्हणजे हरला तो घरी. पहिलीच मॅच आली रविवारी दुपारी, आणि त्याच दुपारी ताईनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण समोरच्या टीमचा रंग निघाला काळा.

‘अगं, घरात वीस बायका काळं नेसून येणार!’

‘संक्रांत आहे. काळंच नेसतात.’

‘पिवळं नेसा, हिरवं नेसा, दुसरं काय वाट्टेल ते नेसा.’

‘तुमच्या टीमसाठी मी पंचांग बदलू का आता?’

तेव्हा साडूंनी ताईच्या फोनवरून, ताईच्या नावानं, बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: काही अपरिहार्य कारणामुळे कृपया या वर्षी काळे वस्त्र टाळावे. पुण्याच्या एका काकूंनी विचारलं, याला शास्त्राधार काय. नागपूरच्या वहिनींनी लिहिलं, साडी इंडियाहून मागवली आहे हो, आता रिटर्न होत नाही. एकीनं फारच हळुवारपणे विचारलं, कुणी गेलं का? ताईनं सगळ्यांना फोन करून ‘आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत, यांना सोडून’ असं कळवलं, आणि रविवारी चंद्रकळेपासून काळ्या जीन्सपर्यंत यच्चयावत काळं साडूंच्या दारातून आत आलं. ते प्रत्येकीला नमस्कार करत होते. प्रत्येक नमस्कारागणिक थोडे खचत होते.

आम्हा दोघांची रवानगी वरच्या बेडरूममध्ये झाली. पलंगावर सगळ्या पाहुण्यांचे कोट टाकलेले. त्या ढिगात जागा करून आम्ही बसलो. समोर टीव्ही, फोन साडूंच्या मांडीवर. खाली उखाणे चाललेले, वर बापलेक कुजबुजल्यासारखे बोलत होते. ‘बाबा, पास न करता रन का करतायत?’ ‘घाबरलेत गं.’ ‘तू घाबरलायस का?’ ‘मी? छे.’ त्यांनी कुणाच्या तरी कोटाची बाही दोन्ही हातांनी पिळून काढली होती.

शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे आणि घड्याळात तीन सेकंद. लाथेनं चेंडू दोन खांबांमधून घालवला की तीन गुण, त्यासाठी किकर आत आला. या माणसाला मॅचभर फारसं कुणी विचारत नाही. तो कडेला उभा असतो, आणि मग एकदम सगळ्यांचा संसार त्याच्या एका पायावर येतो. साडू पुटपुटले, ‘याचे आईवडील बघत असतील का हो?’ चेंडू उडाला आणि डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. त्याच क्षणी खाली कुणाचा तरी उखाणा जमला आणि टाळ्या कडाडल्या.

टीव्हीवर काळे शर्ट नाचू लागले. मग पिकअप ट्रकची जाहिरात लागली. आता ‘ओके बाबा, बाय’ येणार, हे मला कळत होतं, आणि साडूंनाही. त्यांनी एकदम घाईनं विचारलं, ‘पुढच्या रविवारी दुसऱ्या टीम्सची आहे ना मॅच? तीही महत्त्वाचीच.’

‘बाबा, त्या टीम्स तुला माहीत पण नाहीत.’

‘करून घेईन माहिती.’

‘एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो,’ ती म्हणाली. ‘नवीन प्लेअर्स निवडतात. वी नीड अ किकर.’

‘एप्रिल फार लांब आहे गं.’

‘हो.’ मग, ‘बाबा, खाली कसला आवाज आहे एवढा?’

‘हळदीकुंकू. सगळ्या काळं नेसून आल्यात. म्हणून हरलो आपण.’

ती हसली. पुष्कळ हसली, आणि त्या हसण्यात मध्येच काहीतरी ओलं होतं. ‘मला दाखव ना.’

साडू उठले. व्हिडिओ सुरू करून फोन हातात दिव्यासारखा धरून जिना उतरू लागले. ‘बाबा, मला नुसता कार्पेट दिसतोय.’ ‘थांब, थांब.’ मधल्या पायरीवर त्यांनी फोन उलटसुलट केला, आणि मग एकदम थबकले. वरून मला त्यांची पाठ दिसत होती.

‘केस कापलेस,’ ते म्हणाले.

‘हो बाबा. मागच्या वर्षी.’

टीव्हीवर ते पाच पंडित आम्ही का हरलो ते सांगायला बसले होते. मी तो बंद केला.

आता मार्च चालू आहे. तिचा फोन रविवारी येतो. दर रविवारी नाही, पण येतो. ताई सांगते, दोघं फार काही बोलत नाहीत. ते विचारतात, जेवलीस का. ती सांगते, जेवले. मग दोघंही गप्प. पण घड्याळ नाही, शिट्टी नाही, त्यामुळे फोन ठेवायची वेळ झाली की नाही हे दोघांनाही कळत नाही, आणि तो बराच वेळ तसाच चालू राहतो.